गाजलेला सिनेमा नको, अपुरा राहिलेला द्या

रॉजर कॉर्मन यांनी १९६० साली ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ नावाचा सिनेमा काढला. पैसा बेताचा, सेट आधीच्या कुठल्याशा चित्रीकरणातला उरलेला, आणि मुख्य चित्रण दोनेक दिवसांत उरकलेलं. माणसं खाणाऱ्या रोपट्याची ही गोष्ट पुढे काही रसिकांनी हौसेनं जपली, पण तिला थोर म्हणायचं धाडस कुणी केलं नाही. १९८२ साली हॉवर्ड ॲशमन आणि ॲलन मेंकन यांनी तिचं म्युझिकल, म्हणजे गाण्या-नाचांतून गोष्ट सांगणारं नाटक केलं. न्यूयॉर्कच्या ऑफ-ब्रॉडवेवर, म्हणजे ब्रॉडवेच्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांबाहेरच्या छोट्या रंगभूमीवर, साडेतीनशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात त्याचे २,२०९ प्रयोग झाले आणि १९८६ साली त्या म्युझिकलवरून पुन्हा सिनेमा निघाला.

आता दुसरं टोक बघा. ‘किंग काँग’ २०१८च्या नोव्हेंबरात ब्रॉडवेवर आला. वानर वीस फूट उंच, वजन नऊशे किलोच्या आसपास, त्याला हलवायला रंगमंचावर दहा माणसं, वर यंत्रं सांभाळणारे वेगळे. खर्च साडेतीन कोटी डॉलरच्या घरात. त्या बाहुल्याच्या कारागिरीला ब्रॉडवेचा मानाचा टोनी पुरस्कारही खास म्हणून मिळाला. तरी पुढच्या ऑगस्टात पडदा कायमचा पडला. कारण शोधायला लांब जायला नको. ज्याच्यावर अख्खी गोष्ट उभी, तोच गात नाही.

फिल्म स्टुडिओंनी आपल्या सिनेमांची म्युझिकल्स करावीत का, या वादात माझी बाजू या दोन उदाहरणांतून दिसेल. करावीत, जरूर करावीत. पण तिजोरीतला सगळ्यात झळाळता सिनेमा बाहेर काढू नये. जो सिनेमा पडद्यावर काहीतरी सांगायचा राहून गेला तो द्यावा, आणि एकदा दिला की त्यावरचा हात काढून घ्यावा.

विरोधकांचा नेहमीचा आक्षेप आधी बाजूला करू. म्हणे सिनेमावरून केलेल्या म्युझिकल्समुळे अस्सल, नवी कथा मरते. पण या कलाप्रकाराचा पायाच रूपांतरावर आहे. १९४३चं ‘ओक्लाहोमा!’ एका नाटकावरून आलं, १९५६चं ‘माय फेअर लेडी’ बर्नार्ड शॉच्या नाटकावरून. संगीतकार सोंडहाइम यांचं १९७३चं ‘अ लिटल नाइट म्युझिक’ बर्गमनच्या सिनेमावरून. त्याआधी १९६६चं ‘स्वीट चॅरिटी’ फेलिनीच्या सिनेमावरून. तेव्हा कुणी गळा काढला नाही. उलट २०२५चा सर्वोत्तम म्युझिकलचा टोनी ‘मेबी हॅपी एंडिंग’ला मिळाला, आणि त्याची कथा कुठूनही उचललेली नाही. आक्षेपात तथ्य आहे ते एवढंच, की ब्रॉडवेवर नाट्यगृहं ४१ आणि मोठ्या म्युझिकलला पुरतील अशी त्याहून थोडी. त्यातलं एखादं एका भपकेबाज, पोकळ प्रयोगानं अडवून ठेवलं, तर रांगेतल्या दुसऱ्या कुणाला तरी वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं. ही खरी किंमत आहे, आणि ती रूपांतराची नसून निवडीची आहे.

स्टुडिओतल्या मंडळींना नाटकाचं अर्थकारण लवकर उमगत नाही, कारण त्यांचा सगळा अनुभव उलटा. एकदा तयार झालेला सिनेमा हजार पडद्यांवर दाखवायला नटाला हजार वेळा बोलवावं लागत नाही. नाटक रोज नव्यानं उभं राहतं. आठवड्याला आठ प्रयोग, आणि प्रत्येक प्रयोगाला नट, वादक, पार्श्व-कामगार, ड्रेसर, भाडं, जाहिरात, मानधन. हिशेबासाठी काही आकडे धरू. १,५०० खुर्च्यांचं नाट्यगृह, म्हणजे आठवड्याला १२,००० तिकिटं. तिकिटाची सरासरी हाती येणारी रक्कम ११० डॉलर, आठवड्याचा चालू खर्च ८ लाख डॉलर, आणि सुरुवातीची गुंतवणूक २ कोटी. नाट्यगृह ७५ टक्के भरलं तर ९ लाख ९० हजार येतात, १ लाख ९० हजार उरतात, आणि गुंतवणूक दोन वर्षांत फिटते. तेच ६५ टक्के भरलं तर आठवड्याला जेमतेम ५८ हजार उरतात, आणि फेड साडेसहा वर्षांवर जाते. ६० टक्क्यांवर तर रोज खिशातून पैसे घालावे लागतात. म्हणजे नफा आणि दिवाळं यांच्यामध्ये दीडशे-दोनशे खुर्च्या असतात. सिनेमाच्या नावावर पहिले तीन-चार महिने खुर्च्या भरतात, यात शंका नाही. पण दोन वर्षं टिकायचं तर बाहेर पडणाऱ्या माणसानं दुसऱ्याला ‘नक्की जा’ म्हणून सांगावं लागतं, आणि ते नावामुळे होत नाही.

मग कशामुळे होतं? इथे कारागिरीत शिरायला हवं.

सिनेमाच्या शंभर मिनिटांत साठ-सत्तर दृश्यं सहज मावतात. म्युझिकल मध्यंतर सोडून सव्वादोन तासांचं धरलं आणि त्यातला निम्मा वेळ गाण्या-नाचाला गेला, तर संवादांना तासभर उरतो. एकशे दहा पानांची पटकथा साठ-पासष्ट पानांत बसवायची. त्यात ब्रॉडवेची बरीच नाट्यगृहं विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत बांधलेली. विंगा अरुंद, त्यामुळे नेपथ्य बाजूला ढकलण्यापेक्षा वर उचलून टांगावं लागतं, आणि वरच्या दांड्या संपल्या की नवीन स्थळ दाखवायची सोय संपली. म्हणून जाणता लेखक आधी स्थळं मोजतो. सत्तर दृश्यांची पंधरा-वीस करता आली नाहीत तर तो सिनेमा रंगमंचाचा नव्हे. मागची सगळी बाजू एलईडी पडद्यानं झाकून स्थळं बदलण्याचा सोपा मार्ग अलीकडे फार दिसतो. त्यात मजा अशी, की सिनेमा सोडून नाटक बघायला आलेल्या माणसाला आपण पुन्हा पडदाच दाखवतो.

दुसरी मोजणी गाण्यांच्या जागांची. पडद्यावर मनातलं दाखवायला क्लोज-अप असतो. पंधराव्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाचे डोळे दिसत नाहीत, तेव्हा ते काम गाण्यानं करायचं. त्यामुळे पटकथा समोर घेऊन पेन्सिलीनं खुणा करायच्या. पात्राला बोलून भागणार नाही असं कुठे होतं? त्याची इच्छा पहिल्यांदा कुठे उघडी पडते? मध्यंतराचा पडदा पडावा असा पेच कुठे आहे? शेवटाआधी त्याला स्वतःशीच झगडायला लावणारी जागा आहे का? अशा डझनभर जागा तरी सापडायला हव्यात. आणि इथेच गाजलेल्या सिनेमाची गोची होते. तो गाजलेला असतो, कारण त्या जागा संवादानं, संकलनानं, एखाद्या नटाच्या नजरेनं आधीच नेमक्या भरलेल्या असतात. मग संगीतकार काय करतो? सगळ्यांना पाठ असलेल्या वाक्याचंच ध्रुपद करतो. प्रेक्षक ते वाक्य ओळखून टाळ्या वाजवतो, पण त्या तीन मिनिटांत गोष्ट तसूभर पुढे सरकलेली नसते.

‘ग्राउंडहॉग डे’ची गत वेगळी, पण शिकण्यासारखी. एकच दिवस पुन्हापुन्हा जगणाऱ्या माणसाची कथा आणि एकच धून फिरून फिरून येणारं संगीत, ही जोडी जमण्यासारखीच होती. लंडनमध्ये जमलीही, २०१७ साली सर्वोत्तम नव्या म्युझिकलचा ऑलिव्हिए हा तिथला मानाचा नाट्यपुरस्कार मिळाला. पण त्या पुनरावृत्तीसाठी नेपथ्य फिरत्या चकत्यांवर बसवलेलं होतं, आणि ब्रॉडवेच्या पहिल्याच प्रिव्ह्यूत, म्हणजे अधिकृत शुभारंभाआधीच्या चाचणीच्या प्रयोगात, यंत्रणा रुसली. उरलेला भाग मैफलीसारखा सादर करावा लागला. काही महिन्यांतच प्रयोग बंद पडले. चांगलं रूपांतरही जागा आणि यंत्रं बदलताना घसरू शकतं, हे स्टुडिओच्या अंदाजपत्रकात क्वचितच धरलेलं असतं.

‘मग “लायन किंग”चं काय?’ हा प्रश्न येणारच. १९९४चा सिनेमा प्रचंड गाजलेला, आणि १९९७ साली आलेला त्याचा रंगमंचीय अवतार आजही चालू आहे. टोकियोत शिकी या नाटक कंपनीनं तो १९९८पासून चालवला, हॅम्बुर्गमध्ये २००१पासून आहे, आणि जगभरची एकूण कमाई कित्येक अब्ज डॉलर, मूळ सिनेमाच्या तिकीटविक्रीहून कितीतरी जास्त. माझ्या म्हणण्याला हे उदाहरण छेद देतं असं वाटेल. पण त्यात काय केलं ते नीट पाहा. दिग्दर्शिका ज्युली टेमर यांनी प्राण्यांचे मुखवटे नटांच्या चेहऱ्यावर न चढवता डोक्याच्या वर ठेवले, म्हणजे सिंह आणि सिंह करणारा माणूस दोघंही एकाच वेळी दिसतात. दुष्काळ दाखवायचा तर निळ्या रेशमाचं तळं जमिनीतल्या एका छिद्रातून हळूहळू ओढून घेतलं जातं. सिंहिणी रडतात तेव्हा डोळ्यांतून कापडाच्या लांब पट्ट्या ओढून काढतात. विल्डबीस्ट या आफ्रिकी जनावरांच्या कळपाची चेंगराचेंगरी हा सिनेमातला संगणकाच्या मदतीनं केलेला प्रसंग. रंगमंचावर सगळ्यात मागे फिरत्या रुळांवर छोटी छोटी जनावरं, त्यांच्यापुढे जरा मोठी, आणि सगळ्यात पुढे मोठे मुखवटे घेतलेले नर्तक, एवढ्यावर तो अंगावर धावून येतो. अठ्ठ्याऐंशी मिनिटांचा सिनेमा अडीच तासांचा झाला, संगीतकार लेबो एम यांचं आफ्रिकी समूहगान कण्यासारखं उभं राहिलं. नाव, कथा आणि सिनेमातली गाणी राहिली, पण पडद्यावर जे दिसत होतं ते जसंच्या तसं उचललं नाही. डिस्ने स्टुडिओनं हा धोका पत्करला, म्हणून ते जमलं. त्याच कंपनीनं पुढे ‘टारझन’ आणि ‘द लिटल मर्मेड’ आणले, त्यांना ब्रॉडवेवर दोन वर्षंही काढता आली नाहीत. ‘टारझन’मध्ये तर मूळ सिनेमातली बहुतेक गाणी पात्रं म्हणतच नाहीत, ती मागून ऐकू येतात. तीच गाणी पात्रांच्या तोंडी घालायची म्हटल्यावर शिवण उसवणार, हे कागदावरच दिसायला हवं होतं.

रंगमंचाला सिनेमापेक्षा काय जास्त करता येतं, हे ‘बिली इलियट’मध्ये सगळ्यात लख्ख दिसतं. १९८४-८५चा ब्रिटिश खाणकामगारांचा संप, आणि त्याच गावातला बॅले शिकणारा पोरगा. सिनेमात दिग्दर्शक संपाचं दृश्य आणि नाचाचा वर्ग आळीपाळीनं कापून दाखवतो, कारण पडद्याला एका वेळी एकच चौकट. रंगमंचावर त्याच लेखक-दिग्दर्शकांनी, ली हॉल आणि स्टीफन डॉल्ड्री यांनी, नृत्यरचनाकार पीटर डार्लिंग यांच्यासह दोन्ही एकाच जागेत आणले. लहान मुलींचा वर्ग चालू आहे, त्याच्या रांगांतून पोलिस आणि कामगार एकमेकांवर चालून जातात, टोप्या आणि हेल्मेटं अदलाबदल होतात, मोठी माणसं नकळत बॅलेच्या ठेक्यात पावलं टाकू लागतात, आणि एकाच गाण्यात मुलाच्या शिक्षणाचे कित्येक आठवडे सरकतात. हा प्रसंग सिनेमात करताच आला नसता. २००५ साली लंडनमध्ये आणि २००८ साली ब्रॉडवेवर आल्यावर त्याला दहा टोनी मिळाले. अर्थात याची किंमतही रंगमंचावरचीच. प्रत्येक संध्याकाळी तीन तास नाचणारा, गाणारा बारा-तेरा वर्षांचा मुलगा एकटा पुरत नाही, म्हणून तिघे-चौघे आलटून पालटून. त्यांचा आवाज फुटतो, उंची वाढते, म्हणून पुढच्या मुलांचं प्रशिक्षण सतत चालू ठेवायचं. हा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात घातला नाही तर तो दुसऱ्या वर्षी बोकांडी बसतो.

आता अपुऱ्या सिनेमांची रांग पाहा. ‘न्यूजीज’ १९९२ साली सपाटून पडला. घरी टेप लावून तो पाहत वाढलेल्या मुलांनी वर्षानुवर्षं नाटकाची मागणी केली, तेव्हा डिस्नेनं २०११ साली न्यू जर्सीतल्या पेपर मिल प्लेहाउसमध्ये एक प्रयोग उभा केला. मूळ हेतू साधा, शाळा-कॉलेजांना संहिता भाड्यानं देता यावी. ब्रॉडवेवर मोजके आठवडे करू म्हणून नेला, तर १,००४ प्रयोग झाले. ‘हेअरस्प्रे’चा १९८८चा सिनेमा बेताचा गल्ला जमवणारा, म्युझिकलला आठ टोनी, आणि २००७ साली त्यावरचा नवा सिनेमा जगभरात वीस कोटी डॉलरच्या पुढे गेला. ‘वन्स’ हा आयर्लंडमधला अगदी कमी पैशांतला सिनेमा. रंगमंचावर नटच वाद्यं वाजवतात, वेगळा वाद्यवृंद नाही, नेपथ्य म्हणजे एक दारूचा गुत्ता, आणि मध्यंतरात प्रेक्षक त्याच गुत्त्यावर चढून पेय विकत घेतात. चालू खर्च किती खाली आला असेल याचा अंदाज करा. ‘द बँड्स व्हिजिट’ला तर मध्यंतरही नाही, दीड तासात चुकीच्या गावात उतरलेल्या वादकांची एक रात्र, आणि दहा टोनी. या सगळ्यांत एक साम्य आहे. मूळ सिनेमात माणसं जे बोलत नाहीत, त्यासाठी जागा मोकळी होती.

प्रामाणिकपणे सांगायचं तर ‘बॅक टू द फ्यूचर’ माझ्या मांडणीत बसत नाही. गाजलेला सिनेमा, मोटार उडवणारं तंत्र, आणि तरी लंडनमध्ये २०२१ साली आल्यावर वर्षानुवर्षं गर्दी. तंत्राच्या चमत्कारावर एखादं म्युझिकल चालू शकतं, हे मान्य. पण त्यावर स्टुडिओनं धोरण आखावं असं मला वाटत नाही. ‘रॉकी’मध्येही शेवटच्या लढतीला बॉक्सिंगचा आखाडा प्रेक्षागृहात सरकत येत असे आणि पुढच्या रांगा रंगमंचावर जाऊन बसत. ती वीस मिनिटं थरारक, पण त्याआधीचे दोन तास प्रेक्षक त्यांची वाट पाहत होता. २०१४च्या मार्चमध्ये आलं, ऑगस्टात संपलं.

स्टुडिओला सगळ्यात जड जातं ते हात काढून घेणं. हॉलिवूडमध्ये पटकथा लिहिणारा पगारी, हक्क कंपनीचा. नाटकात परंपरेनं संहिता, गीतं आणि संगीत यांचा हक्क लेखकांकडेच राहतो आणि त्यांच्या संमतीशिवाय शब्दही बदलत नाही. या दोन पद्धती एका करारात आणायच्या म्हणजे महिनोन् महिने वकील. त्यात सिनेमात वापरलेलं एखादं लोकप्रिय गाणं असेल, तर चित्रपटासाठी घेतलेली परवानगी रंगमंचाला चालत नाही, ती वेगळी मिळवावी लागते. मूळ नटाचा चेहरा पोस्टरवर वापरता येत नाही. इथवर ठीक, हे सगळं पैशांनी सुटतं. न सुटणारी गोष्ट म्हणजे मंजुरीची सवय.

प्रिव्ह्यूचे तीन-चार आठवडे आठवा. दुसऱ्या अंकातलं एक गाणं पडतंय, हे प्रेक्षकांच्या खोकल्यावरून कळतं. त्या रात्री लेखक, संगीतकार आणि दिग्दर्शक बसून ते काढून टाकायचं ठरवतात. नवं गाणं दोन दिवसांत पियानोवर तयार होतं. मग ते वाद्यवृंदासाठी बांधायचं, प्रत्येक वादकाच्या पानांच्या प्रती काढायच्या, दुपारच्या तालमीत नटांना शिकवायचं. पण काम तिथे संपत नाही. गाणं वीस सेकंदांनी लांबलं की प्रकाशाचे इशारे पुन्हा बसवायचे, विंगेत घाईनं कपडे बदलणाऱ्या नटीला आता जास्त वेळ मिळतो की कमी ते ड्रेसरनं तपासायचं, वरून उतरणारी चौकट कुठल्या सुरावर सोडायची ते ठरवायचं. पाचव्या दिवशी ते प्रेक्षकांसमोर. या साखळीत स्टुडिओच्या चार खात्यांची सही घालायची म्हटलं, आणि सहीला आठवडा लागला, तर प्रिव्ह्यू संपतात आणि पडलेलं गाणं तसंच समीक्षकांपुढे जातं.

याउलट युनिव्हर्सलनं ‘विकेड’च्या बाबतीत काय केलं ते पाहण्याजोगं आहे. कादंबरीचे हक्क त्यांनी सिनेमासाठी घेतले होते. संगीतकार स्टीफन श्वार्ट्झ यांनी ते आधी रंगमंचावर आणायचा आग्रह धरला, आणि स्टुडिओनं सिनेमा बाजूला ठेवून नाटकात पैसे घातले. २००३ साली आलेलं ते म्युझिकल सव्वा वर्षाच्या आत गुंतवणूक फेडून बसलं, आणि सिनेमा आला तो २०२४ साली, एकवीस वर्षांनी.

आणखी एक बाजू, जिच्याकडे समीक्षक नाक मुरडतात. ‘श्रेक’ ब्रॉडवेवर ४४१ प्रयोगांत आटोपलं, खर्चाच्या मानानं तोटाच. पण शाळा आणि हौशी मंडळांत ते भरपूर होतं, तासाभराच्या बालआवृत्तीसकट. संहितेचं, पियानोच्या पानांचं भाडं वर्षानुवर्षं येत राहतं. एखाद्या मध्यम सिनेमाला पडद्यावर असं दुसरं आयुष्य मिळत नाही. त्यासाठी मात्र संहिता अशी हवी, की शाळेच्या सभागृहात पाच खुर्च्या आणि एक शिडी घेऊन ती करता यावी. उडत्या मोटारीवर बेतलेलं म्युझिकल तिथे पोचणं कठीण.

म्हणून स्टुडिओंनी करायचं काम फारसं अवघड नाही. संग्रहात धूळ खात पडलेल्या मध्यम सिनेमांचे रंगमंचीय हक्क ‘कधीतरी आपणच करू’ म्हणून अडवून ठेवू नयेत. अठरा महिन्यांचा पर्याय द्यावा, म्हणजे तेवढ्या मुदतीत हक्क एखाद्या निर्मात्यासाठी राखून ठेवावेत. मुदतवाढ पैशांवर न देता झालेल्या कामावर द्यावी, म्हणजे पहिला मसुदा आला का, २९ तासांच्या तालमीचं वाचन (नेपथ्याविना, नटांनी संहिता हातात घेऊन केलेली चाचणी) झालं का, हे बघून. झालं नसेल तर हक्क परत घेऊन दुसऱ्याला द्यावेत. मूळ हक्कधारकाला मिळणारा गल्ल्यातला एक-दोन टक्के वाटा नेहमीप्रमाणे घ्यावा. मंजुरीचा अधिकार दोनच ठिकाणी ठेवावा: लेखक-संगीतकारांची निवड, आणि कार्यशाळेआधीची पूर्ण संहिता. त्यानंतर कायद्याच्या बाबी सोडून काही नाही. टक्के आणि रक्कम यांवर शेवटच्या दिवसापर्यंत घासाघीस करता येते. मंजुरीची आणि मुदतीची अट मात्र पहिल्याच मसुद्यात लिहून घ्यावी, कारण प्रयोग चालायची चिन्हं दिसू लागली की ती कुणीच मान्य करत नाही.